चूक काय आहे, ते तरी लिहा

"अब्बू, इनव्हॅलिड सिंटॅक्स को मराठी में क्या बोलते?"

गेल्या वर्षीच्या रमजानचा शेवटचा अश्रा होता. तरावीहून परत येऊन मी सराव परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा सोडला होता आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला लेक लॅपटॉप घेऊन बसली होती. कम्प्युटर इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष. ईदनंतर आठ दिवसांनी तिला प्रोजेक्ट दाखवायचा होता. मी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "अशुद्ध वाक्यरचना."

ती हसली. "फर्स्ट इयर का बच्चा पढनेवाला है वो. ये पढके उसकू क्या समझनेवाला?"

मी शाळेत उर्दू शिकवतो, मराठीही शिकवतो. घरात 'उसकू' ऐकलं की मला अजून ठेच लागते. लेकीला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ती ते जरा जास्तच बोलते. पण त्या रात्री तिची उर्दू सुधारायला मी तोंड उघडलं नाही. माझ्या हातातल्या पेपरावर, एका पोराच्या निबंधाखाली, मी नुकतंच लाल शाईने लिहिलं होतं : 'वाक्यरचना चुकीची.'

तिचा प्रोजेक्ट काय होता ते आधी सांगतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतात. बहुतेक मुलं खेड्यापाड्यांतून, मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेली. प्रोग्रॅम चुकला की कम्प्युटर इंग्रजीत एक ओळ फेकतो आणि पोरगं तिथेच अडकतं. म्हणून काही वर्षांपूर्वी त्याच कॉलेजातल्या एका सीनियरने एक साधन बनवलं होतं. मुलाने लिहिलेला प्रोग्रॅम वाचायचा आणि चूक असेल तर मराठीत सांगायचं. पायथॉनचा स्वतःचा वाचक हे काम करत नाही. तो पहिल्या चुकीला थांबतो आणि आपल्या इंग्रजीत बोलतो. म्हणून सीनियरने पायथॉनचं व्याकरण स्वतःच एका फाइलीत लिहून काढलं होतं.

अशा वाचकाला पार्सर म्हणतात. आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. मराठीच्या तासाला आम्ही वाक्यपृथक्करण करायला लावतो, हे उद्देश्य, हे विधेय, हे उद्देश्यविस्तार. उर्दूत त्याला तरकीब-ए-नहवी म्हणतात. पार्सर हेच करतो, फक्त त्याच्या हातात नियमांची यादी असते आणि यादीत न बसणारं वाक्य तो सरळ परत करतो. दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं तेव्हा लोक आधीपासून बोलत असलेल्या भाषेचे नियम त्यांनी शोधले. इथे उलटं आहे. नियमात नाही ते भाषेतच नाही.

आणि इथेच घोटाळा झाला होता. सीनियरने व्याकरण लिहिलं ते त्याच्या वेळच्या पायथॉनचं, ३.६ आवृत्तीचं. मधल्या काळात भाषा पुढे गेली. आत्ताची मुलं नवी आवृत्ती घेतात, यूट्यूबवरून शिकतात, नव्या पद्धतीची वाक्यं लिहितात. प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, पण हे साधन म्हणतं : अशुद्ध. बरोबर लिहिणाऱ्या पोराला चूक ठरवणारं यंत्र. प्रयोगशाळेतल्या सरांनी ते वापरणं बंद केलं होतं, आणि लेकीने तेच दुरुस्त करायला घेतलं होतं. माझ्याकडे तिचं काम इतकंच होतं की संदेश शुद्ध मराठीत लिहून द्यायचे.

'शुद्ध' हा शब्द तिचाच. नंतर तिने तो मागे घेतला.

नव्या वाक्यांपैकी एक होतं 'मॅच'चं. पायथॉन ३.१० मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये ते आलं. एक दाबलं तर बेरीज, दोन दाबलं तर वजाबाकी, असे प्रोग्रॅम मुलांना करायला देतात. पूर्वी ते 'इफ'च्या लांब माळेने लिहायचे. आता वर 'मॅच' लिहायचं, समोर जी किंमत तपासायची ती, मग कोलन, आणि खाली एकेक 'केस'. लेकीने पहिल्या झटक्यात सगळ्यात सोपं काम केलं. भाषेत काही शब्द राखीव असतात, 'इफ', 'व्हाइल' वगैरे. ते व्हेरिएबलचं नाव म्हणून वापरता येत नाहीत. तिने त्या यादीत 'मॅच' टाकला, खाली नवा नियम लिहिला, आणि नवे प्रोग्रॅम चालू झाले. इफ्तारला ती खूश होती.

सहरीला उठलो तर तोंड उतरलेलं. तिच्याकडे मागच्या तीन-चार वर्षांतल्या मुलांच्या प्रोग्रॅमचा एक फोल्डर होता, सगळे आधी पास झालेले. नवं व्याकरण त्यांच्यावर चालवून पाहिलं तर तीसेक प्रोग्रॅम नापास. कारण बघून मला हसू आवरेना. ती पोरं सोलापूर जिल्ह्यातली. त्यांना 'स्वतःच्या मनाने एक प्रोग्रॅम लिहा' असं सांगितलं तर ती काय लिहिणार? क्रिकेटचा स्कोअर! आणि व्हेरिएबलचं नाव काय ठेवणार? मॅच. मॅच बरोबर भारत-पाकिस्तान. मॅच बरोबर आयपीएल फायनल. तिने तो शब्द राखीव केला आणि या सगळ्या पोरांचं जुनं, चांगलं चालणारं लिखाण एका रात्रीत अशुद्ध झालं.

"उनकू बोलूँ क्या, नाम बदल लो?" तिने विचारलं.

मी म्हणालो, खजूर खा, वेळ संपतेय. मग चहा पिताना एका कागदावर तिला दोन वाक्यं लिहून दिली.

कर वेळेवर भर.
कर वेळेवर काम.

पहिल्यात 'कर' म्हणजे टॅक्स, नाम. दुसऱ्यात 'कर' म्हणजे करणे, आज्ञार्थ. आपण 'कर' हे क्रियापद आहे म्हणून नगरपालिकेला सांगत नाही की घरपट्टीला दुसरं नाव शोधा. वाक्यात तो कुठे बसलाय त्यावरून ठरवतो. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ये तो सॉफ्ट कीवर्ड है." म्हणजे पायथॉनवाल्यांनी नेमकं हेच केलं होतं. 'मॅच' आणि 'केस' हे फक्त त्यांच्या जागी असले तरच खास शब्द, बाकी ठिकाणी साधी नावं. पायथॉनच्या स्वतःच्या व्याकरणाच्या फाइलीत, जी कुणालाही वाचायला खुली आहे, हा फरक केवळ अवतरणचिन्हाचा आहे. एकेरी अवतरणात लिहिलेला शब्द कायमचा राखीव, दुहेरीत लिहिलेला सवलतीचा. तिने ते आधी वाचलं होतं, पण वाचताना तिला ते कारकुनी वाटलं होतं.

ही अक्कल पायथॉनवाल्यांना ठेच लागूनच आली, असं मला वाटतं. 'असिंक' आणि 'अवेट' हे दोन शब्द २०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत आले तेव्हा सवलतीचे होते. २०१८ च्या जूनमध्ये ३.७ आली आणि ते पूर्ण राखीव झाले. इशारा मधल्या आवृत्तीत देऊन ठेवला होता, तरी ज्यांनी आपल्या फाइलींना किंवा व्हेरिएबलना 'असिंक' नाव दिलं होतं त्यांचं सगळं कोसळलं. सेलरी नावाचं एक मोठं, जगभर वापरलं जाणारं साधन आहे. त्यात त्याच नावाची फाइल होती, तिचं नाव बदलून 'असिंक्रोनस' करावं लागलं. इशारा दिला होता हे खरं. पण आमच्या आजोबांच्या उर्दू पत्रांत दोन-चश्मी हे आणि साधी हे, दोन्ही मन मानेल तशा लिहिलेल्या आहेत. त्यांच्या काळात तसं चालत होतं. आज वर्गात कुणी तसं लिहिलं तर मी गुण कापतो. आजोबांना इशारा कोण देणार होतं?

असो. 'कर'च्या त्या दोन वाक्यांत आणखी एक गंमत होती, ती लेकीनेच काढली. पहिले दोन शब्द सारखेच आहेत. 'कर वेळेवर' इथपर्यंत वाचून काहीच ठरवता येत नाही; पुढे 'भर' येतो की 'काम', त्यावर सगळं अवलंबून. सीनियरने लिहिलेला पार्सर मात्र वाक्यावर बोट ठेवून वाचणाऱ्या पहिलीच्या मुलासारखा होता. पुढचा फक्त एक शब्द बघायचा आणि तेवढ्यावर निर्णय घ्यायचा, मागे फिरायची सोय नाही. त्यात त्याची चूक नव्हती. पायथॉनचा स्वतःचा पार्सरही तसाच होता, आणि थोडाथोडका काळ नव्हे. ही भाषा १९९१ मध्ये बाहेर आली आणि गीडो व्हान रॉसमने सुरुवातीला लिहिलेली ती एक शब्द पुढे बघणारी पद्धत जवळजवळ तीस वर्षं टिकली. साधी होती, वेगवान होती, आणि भाषाही त्या मानाने साधी होती. पण 'मॅच' लिहून पुढे कंस आला तर ते नवं वाक्य आहे की मॅच नावाच्या फंक्शनला मारलेली हाक आहे, हे कंस संपून कोलन येतो की नाही ते पाहिल्याशिवाय कळत नाही. कंसात कितीही मजकूर असू शकतो. एका शब्दावर भागत नाही.

म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये ३.९ आवृत्तीत पायथॉनने पार्सरच बदलला. नव्या पद्धतीला पेग म्हणतात. ब्रायन फोर्ड यांनी ती २००४ मध्ये मांडली होती. यात वाचक एक शक्यता धरून पुढे जातो, जमलं नाही तर मागे येतो आणि दुसरी धरतो. पुन्हापुन्हा तेच वाचायला लागू नये म्हणून वाचलेल्या तुकड्याचा निकाल टिपून ठेवतो. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ३.९ मध्ये नवा पार्सर आला, पण जुना काढला नाही. एक अख्खी आवृत्ती दोघं शेजारी शेजारी राहिले. कुणाचं काही बिघडलं तर जुन्याकडे जायची वाट होती. ३.१० मध्ये जुना गेला. आमच्या खात्यात नवा अभ्यासक्रम येतो तेव्हा जून उजाडतो आणि पुस्तकं यायची असतात.

लेकीने सीनियरची फाइल बाजूला ठेवली आणि व्याकरण पेग पद्धतीने पुन्हा लिहायला घेतलं. चार रात्री गेल्या. त्यातली एक रात्र पूर्ण एका चुकीत गेली आणि ती चूक सांगण्यासारखी आहे. पायथॉनमध्ये कोलन आणि बरोबरचं चिन्ह जोडून एक नवं चिन्ह आलंय. वॉलरस म्हणतात त्याला, आडवं पाहिलं तर त्या समुद्री प्राण्याचे डोळे आणि सुळे दिसतात म्हणून. किंमत देणं आणि ती लगेच वापरणं, दोन्ही एकाच वाक्यात. हे चिन्ह ऑक्टोबर २०१९ मध्ये ३.८ आवृत्तीत आलं, आणि त्यावरून इतकी भांडणं झाली की २०१८ च्या जुलैत गीडोने भाषेच्या प्रमुखपदावरूनच अंग काढून घेतलं. दोन टिंबं आणि दोन रेघांवरून! शुद्धलेखनावरून फक्त मराठी माणूस भांडतो असं मला वाटायचं.

तर चूक अशी. पेगमध्ये पर्यायांचा क्रम महत्त्वाचा असतो. वाचक पहिल्यापासून बघत येतो आणि जो पहिला जमला तो धरतो. तिने साधं नाव आधी लिहिलं आणि 'नाव, वॉलरस, किंमत' हा लांब पर्याय नंतर. झालं असं की वाचकाला नाव दिसलं, पहिला पर्याय जमला, तो खूश होऊन पुढे गेला, आणि पुढे वॉलरस बघून अडला. दुसरा पर्याय लिहिलेला होता, पण त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. दोन ओळींची अदलाबदल केली आणि चालू झालं. मी तिला म्हणालो, आमच्या तोंडी परीक्षेत असंच होतं. पोरगं लांब उत्तर द्यायला सुरुवात करतं, पहिल्या शब्दाला आपण 'बरं, बस' म्हणतो.

२०१९ मध्येच आपल्याकडेही एक व्याकरण बदललं होतं. आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, आणि वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. तेव्हा स्टाफरूममध्ये मी विरोधात तावातावाने बोललो होतो. आता वाटतं, मी पुस्तक न उघडता बोललो होतो. जुनं वाक्य कुणी चूक ठरवलं नव्हतं, शेजारी एक पर्याय ठेवला होता. आणि आमच्या उर्दूच्या मुलांची गत तर दुहेरी. उन्नासी आणि नवासी यांत गोंधळलेलं पोर मराठीच्या तासाला येऊन एकोणऐंशी आणि एकोणनव्वदमध्ये पुन्हा गोंधळतं.

पण मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे.

व्याकरण चालू झाल्यावर संदेश लिहायची वेळ आली. मी वही घेऊन बसलो. लेक म्हणाली, अब्बू, आधी हे बघा, आणि तिने पायथॉनच्या व्याकरणाची ती मोठी फाइल उघडली. त्यात मधूनमधून असे नियम होते की ज्यांच्या नावाची सुरुवातच 'इनव्हॅलिड' या शब्दाने. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, हे चुकीच्या वाक्यांचे नियम.

मला दोनदा समजावून घ्यावं लागलं. व्याकरणाच्या आत, बरोबर वाक्यांच्या नियमांशेजारी, चुकांचे नियम लिहिलेले. माणूस 'इफ'नंतर कोलन विसरतो, म्हणून 'कोलन नसलेलं इफ' असं वाक्य कसं दिसतं त्याचा नियम. तपासायच्या जागी दोन बरोबरची चिन्हं हवीत तिथे एकच टाकतो, त्याचा नियम. वाचक या नियमात शिरला की त्याला कळतं, हा माणूस इथे हे विसरलाय. जुना पार्सर या सगळ्याला एकच शब्द वापरायचा : इनव्हॅलिड सिंटॅक्स. कंस तिसऱ्या ओळीत उघडा राहिला असला तरी बोट चौथ्या ओळीवर ठेवायचा, जिथे काहीच चुकलेलं नसायचं. ३.१० पासून तो सांगतो की हा कंस उघडला तो बंदच झाला नाही, आणि बोट उघड्या कंसावर ठेवतो.

आणि आणखी एक. हे चुकांचे नियम पहिल्या वाचनात बंद असतात. वाचक आधी पूर्ण प्रोग्रॅम फक्त बरोबर वाक्यांच्या नियमांनी वाचतो. जमलं, तर चुकांच्या नियमांकडे तो बघतही नाही. अडलाच, तर पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करतो, आणि या दुसऱ्या फेरीत ते नियम उघडतो. मी विचारलं, पहिल्यापासून का नाही उघडत? ती म्हणाली, एक तर वेळ जातो. आणि चुका शोधतच वाचायला बसलं तर एखादं बरोबर वाक्यही चुकीत सापडायचं.

मी वही मिटली.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. सातवीचा वर्ग, विषय 'माझे घर'. एका मुलाने पान-सव्वा पान लिहिलं होतं. माझा घर लहान आहे. माझी पुस्तक खिडकीत आहे. अम्मीची आवाज दुकानापर्यंत येती. मी सकाळी भाकरी खाल्लो. मी लाल पेन घेऊन बसलो आणि प्रत्येक ओळीखाली रेघ मारत गेलो. खाली वीसपैकी चार गुण आणि शेरा, 'वाक्यरचना अशुद्ध.' पालक सभेला त्याची आई आली. घरी विड्या वळायची. वही माझ्यासमोर उघडून तिने फार अदबीने विचारलं, "सर, गलत है तो गलत है. पर क्या गलत है, वो तो लिख दो."

मी तेव्हा काहीतरी बोललो. वाचन वाढवा, मराठी पेपर लावा, असंच काहीसं. तो मुलगा त्यानंतर माझ्या तासाला गप्प बसू लागला. उत्तर माहीत असलं तरी हात वर करायचा नाही. पास होत गेला, पण माझ्याशी मराठीत पुन्हा बोलला नाही. कधी रस्त्यात भेटला तर सलाम करून उर्दूत दोन शब्द.

त्या वहीत खरं तर चुका फार नव्हत्या. दोन-तीनच होत्या, पुन्हापुन्हा आलेल्या. उर्दूत नपुंसकलिंग नाही. घर उर्दूत पुल्लिंगी, म्हणून 'माझा घर'. किताब स्त्रीलिंगी, म्हणून 'माझी पुस्तक'. आवाज आपल्याकडे पुल्लिंगी, उर्दूत स्त्रीलिंगी, म्हणून 'अम्मीची आवाज'. आणि 'भाकरी खाल्लो' तर थेट घरातून आलेलं. आमच्या दखनीत 'मैं रोटी खाया' म्हणतात, 'मैंने रोटी खाई' नाही; क्रियापद खाणाऱ्याकडे बघतं, रोटीकडे नाही. मराठीत 'मी भाकरी खाल्ली', क्रियापद भाकरीकडे बघतं. पोरगं अडाणी नव्हतं. त्याच्याजवळ एक पूर्ण, नियमात चालणारं व्याकरण होतं आणि त्याने ते इमानदारीने मराठीला लावलं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी दोन्ही भाषा शिकवतो, दखनी माझ्या आईची भाषा आहे. बीएडला आम्हाला निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन असा स्वतंत्र भाग होता. मी त्याची फाइल रंगीत पेनांनी सजवून जमा केली होती आणि चांगले गुण घेतले होते. त्यानंतर ती फाइल कधी उघडली नाही.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून संदेश लिहिले. 'अशुद्ध' हा शब्द कुठेच आला नाही. 'तिसऱ्या ओळीत उघडलेला कंस बंद झालेला नाही.' 'इफच्या ओळीच्या शेवटी कोलन राहिला.' 'इथे एकच बरोबर आहे. तुलना करायची असेल तर दोन लागतात.' जुन्या पुस्तकांतून शिकणारी काही मुलं अजून 'प्रिंट'नंतर कंस देत नाहीत. २००८ पर्यंत तसं लिहायचेच, पायथॉन ३ ने ते बदललं. त्यांच्यासाठी लिहिलं, 'प्रिंटला आता कंस लागतो.' त्यातला 'आता' मी टाकला. लेक म्हणाली, 'आता' की क्या जरूरत? मी म्हणालो, राहू दे.

प्रोजेक्ट ईदनंतर पार पडला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मुद्दाम एक कंस उघडा सोडून पाहिला, पडद्यावर आलेलं मराठी वाक्य मोठ्याने वाचलं, आणि विचारलं की ही भाषा कुणाची. क्रिकेटची जुनी तीसही पोरं पास झाली, 'मॅच' नाव न बदलता.

मी शाळा सुरू झाल्यावर हजेरीवहीच्या शेवटच्या पानांवर यादी करायला घेतली. चूक कशी दिसते, कुठून येते, खाली काय लिहायचं. 'माझी पुस्तक' : उर्दूत किताब स्त्रीलिंगी, मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी, 'माझे पुस्तक'. 'मी भाकरी खाल्लो' : मराठीत भूतकाळी क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते, 'मी भाकरी खाल्ली'. आणि तपासायची पद्धत बदलली. पहिलं वाचन पेन्सिलही हातात न घेता. पोराला काय म्हणायचंय तेवढंच बघायचं. लाल पेन दुसऱ्या फेरीला. साठ वह्यांना वेळ दुप्पट लागतो. कधी कधी कंटाळून मी जुन्या सवयीने एकाच फेरीत उरकतो, हेही कबूल करतो.

असाच एकदा उरकत होतो, मागच्या श्रावणात. सातवीचीच वही. 'मी सकाळी दूध प्यालो आणि शाळेत आलो.' यादी डोक्यात पक्की बसलेली. मी 'प्यालो'खाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : भूतकाळी क्रियापद वस्तूप्रमाणे बदलते. दूध, नपुंसकलिंग. 'मी दूध प्याले.'

दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन टेबलाशी आला. भीत भीतच. म्हणाला, "सर, मराठीच्या पुस्तकात 'मी पाणी प्यालो' असं आहे."

मी पुस्तक उघडलं. होतं. असणारच. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, अशी काही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याकडेच बघतात. मी चहा प्यालो, मी मराठी शिकलो, मी डबा विसरलो. हे मी वीस वर्षं बोलतोय. माझ्या यादीतल्या नियमाने त्याचं बरोबर वाक्य चुकीत ओढलं होतं.

मी त्याच्यासमोर रेघ खोडली, गुण वाढवले आणि हजेरीवहीचं शेवटचं पान काढलं. 'भाकरी खाल्लो'च्या नियमाखाली जागा उरली नव्हती, म्हणून समासात लिहायला लागलो : अपवाद. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे. तो अजून तिथेच उभा होता. म्हणाला, "सर, और एक है. भेटणे."

मी विचार केला. मी मामाला भेटलो. पण तिथे 'ला' लागलाय, कर्म उघडं नाही. ते या यादीत बसवायचं की वेगळं ठेवायचं?

"बस इधर," मी त्याला म्हणालो, आणि खुर्ची पुढे ओढली.